वर्गातली भीती

नात कॉन्व्हेंटमध्ये दुसरीला आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आज ती म्हणाली, "आजोबा, उत्तर येतं, पण इंग्रजीत सांगायची भीती वाटते." दादरच्या पोर्तुगीज चर्चपासून माहीमपर्यंतच्या मिशनरी शाळांत मराठी घरांतली मुलं पिढ्यानपिढ्या शिकली. त्यांतली कितीतरी अशीच गप्प बसली असतील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मारासोबत मानसिक छळालाही बंदी केली. पण भीती छडीशिवायही वर्गात शिरते. 2020 चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. माध्यम इंग्रजी असलं, तरी अडलेल्या लेकराला एक वाक्य मराठीत बोलू द्यावं. चुकायची मुभा असेल तरच मूल बोलतं आणि बोलतं तेव्हाच शिकतं.