खुर्चीची उंची

हवा भरून फुगवायच्या गादीला मी बरीच वर्षं घरात शिरू दिलं नाही. "माणसांना काय फुग्यावर झोपवायचं?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि ते मी चारचौघांत ऐटीत टाकायचो. आमच्याकडे पाहुणा आला की माळ्यावरून कापसाची गादी उतरायची. धुतलेली चादर, अभ्रा बदललेली उशी, उशाशी तांब्या-भांडं. ठाण्यातलं आमचं घर म्हणजे एक बैठकीची खोली, एक झोपायची. त्यामुळे गादी पडायची ती बैठकीतल्या फरशीवर. याला मी पाहुणचार म्हणत होतो.

माझं मत बनलं होतं न्यूजर्सीतल्या एका डिसेंबरात, भाच्याच्या घरी. त्याने आम्हा दोघांसाठी तळघरात एक ऐसपैस गादी फुगवून दिली. बायकोने कूस बदलली की मी उचलला जायचो. पाठ खालून गार पडलेली. पहाटे बघतो तर गादी ढिली. फुटका माल, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला आणि इकडे येऊन तो किस्सा रंगवून सांगत राहिलो. खरं कारण फार उशिरा कळलं. तिकडे रात्री हीटर कमी करतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की आतली हवा साधारण ३ टक्के आकसते, तेवढ्यानेही गादी सैल लागते. शिवाय नवी गादी पहिल्या एक-दोन रात्री ताणली जाते, म्हणून तिच्यात पुन्हा थोडी हवा भरावी लागते. आणि पाठ गार पडते, कारण आतली मोकळी हवा फरशीचा गारठा अडवत नाही. त्यासाठी अंगाखाली जाड पांघरूण घालायचं असतं. भाचसुनेने ते दिलंही होतं. मी ते अंगावर घेतलं होतं.

कापसाच्या गादीचा अभिमान मात्र वाईहून आणलेला. लहानपणी दारात पिंजारी यायचा. धनुकलीची तार वाजायला लागली की आम्ही पोरं कापसाच्या ढिगाभोवती गोळा व्हायचो, नाकातोंडात तंतू जाईपर्यंत हटायचो नाही. तशी गादी आपल्या घरात आहे याचं मला कोण कौतुक. पण ती दहा-बारा किलोंची गादी ठाण्याच्या पावसाळ्यात ओली-दमट होते, तिला वास धरतो, ऊन पडलं की ती गॅलरीत टाकावी लागते, उलटी करावी लागते. ते सगळं बायको करायची. माझ्याकडे फक्त अभिमान होता.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. वयस्कर पाहुणा आला की मी हटकून म्हणायचो, "तुम्ही आत पलंगावर झोपा, आम्ही बाहेर झोपतो." पाहुणा म्हणायचा, "छे छे, आम्हाला खालीच बरं वाटतं." मी दोनदा आग्रह करायचो. तिसऱ्यांदा कधीच नाही. ते नाही म्हणणार याची खात्री असायची म्हणूनच मी पलंग देऊ करत होतो. कुणी "बरं, चालेल" म्हटलं असतं तर माझा चेहरा कसा झाला असता, हे मला ठाऊक आहे.

आत्या दरवर्षी चार-सहा दिवस आमच्याकडे यायची. पंच्याहत्तरीकडे झुकलेली, पण वाईहून एकटी एसटीने येणारी. आमच्या घरात तिच्या पहाटे उठण्याचं फार कौतुक होतं. आम्ही उठावं तर हिची अंघोळ झालेली, गादी गुंडाळलेली, ही खुर्चीत जप करत बसलेली. मुलांना मी तिचा दाखला द्यायचो.

अशाच एका मुक्कामातल्या रात्री मला मधेच जाग आली. अडीच-तीन वाजले असतील. पाणी प्यायला बाहेर आलो तर आत्या खुर्चीत बसलेली, पायावर शाल. गादीवरची चादर संध्याकाळी घातली होती तशीच, एक सुरकुती नाही. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, "झोप रे तू. मला इथेच बरं वाटतंय." मी तिच्यासाठीही भांडं भरलं. तिने ते हातात घेतलं नाही. "नको, सकाळपर्यंत काही नको."

उकाडा होता. पंखा गरम वारा फेकत होता. मी भांडं धरून उभाच राहिलो, तेव्हा तिने सांगितलं. गुडघे वर्षभर त्रास देत होते. खाली आडवं होता यायचं, पण रात्री उठायचं म्हणजे आधी कुशीवर व्हायचं, मग रांगत सोफ्यापर्यंत जायचं, त्याचा हात धरून उभं राहायचं. ते आम्हाला दिसू नये म्हणून ती आमच्या आधी उठायची. आता तेही जमेना, म्हणून खुर्ची. आणि रात्री उठावंच लागू नये म्हणून दुपारच्या चहानंतर पाणी बंद.

"आमच्याकडे आलीस की पाणी पीत नाहीस?"

"तुझ्याकडेच नाही रे. कुणाकडेही गेले तरी. घरी पलंग आहे, तिथे पिते."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते "कुणाकडेही" हे. म्हणजे आम्ही सगळे, तिच्यावर जीव टाकणारे भाचे-पुतणे, आपापल्या घरी स्वच्छ गाद्या घालत होतो आणि ही बाई घराघरांतून तहानलेली हिंडत होती. मी उशाशी तांब्या ठेवायचो. सकाळी तो भरलेला असायचा. ते मला दिसत होतं आणि त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नव्हती. पाहुण्याला काय हवं यापेक्षा मी काय देतो, याच्याच प्रेमात होतो मी.

तिला आत पलंगावर नेलं. बायको जागी झाली, काही न विचारता सरकली. मी बाहेर त्या सुप्रसिद्ध गादीवर पडलो. सकाळी उठताना मलाच सोफ्याचा हात धरावा लागला, आणि माझी अजून साठीही आलेली नाही.

आत्या चहा पीत असताना मी टेप आणून ती खुर्ची मोजली. १८ इंच. तेवढ्या उंचीवरून तिला उठता येत होतं, म्हणून तो आकडा घेऊन हवेची गादी बघायला दुकानात गेलो. दुकानदाराने आधी दहा इंचांची गादी दाखवली, "हीच जाते बघा जास्त," म्हणत. स्वस्त होती, मोह झाला. पण त्या उंचीवरून उठणं फरशीपेक्षा अवघड, कारण हात टेकावा तर हात आत जातो. १८ इंचांची घेतली, एका माणसाची. दोघांसाठी एक मोठी घेण्यापेक्षा दोन वेगळ्या बऱ्या, हे न्यूजर्सीत माझ्या पाठीने शिकून ठेवलेलं. वरची बाजू मखमलीसारखी हवी, नाहीतर चादर घसरते. पंप आतच बसवलेला आणि हवा ओढून काढणाराही हवा, नाहीतर घडी घालताना गादीवर लोळावं लागतं. भाचा म्हणाला, आमच्याकडचीच पाठवतो. पण तिकडचा पंप ११०-१२० व्होल्टचा, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो जळतो.

वापरायला लागल्यावर बाकीचं कळत गेलं. पंपाचा आवाज मिक्सरला लाजवणारा, म्हणून हवा पाहुणा झोपायला यायच्या आधी भरायची. रात्री अकराला भरली की खालचे शेजारी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारतात. कडेवर बसलं की कड दबते, म्हणून एक बाजू भिंतीला लावायची आणि उशाशी ती जड खुर्ची ठेवायची, धरून उठायला. प्लॅस्टिकवर घाम जिरत नाही, त्यासाठी चादरीखाली जुनी गोधडी. हवा जातेय असं वाटलं तर साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडे येतील तिथे भोक. आणि तान्ह्या बाळाला त्यावर अजिबात झोपवायचं नाही. मऊ पृष्ठभागात बाळाचं नाक-तोंड दबू शकतं. १५ महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तसा इशाराच या गाद्यांवर छापलेला असतो. भाची बाळाला घेऊन आली तेव्हा कापसाची गादी पुन्हा खाली उतरली. म्हणजे तिला मी मोडीत काढलेली नाही.

ही नवी गादी मला आवडते असं नाही. दिवसा हवा काढून पिशवीत कोंबली की ती गादी वाटत नाही, घडी घातलेला रेनकोट वाटतो. पण आत्या तिच्यावर झोपली, आणि सकाळी उशाशी तांब्या अर्धा होता.

आता कुणी राहायला येणार असलं की मी फोनवरच विचारतो, "रात्री उठावं लागतं का?" विचारताना अजून जीभ अडखळते. पाहुणे बहुधा हसतात, विषय बदलतात. सासऱ्यांनी मात्र क्षणाचाही वेळ घेतला नाही. म्हणाले, "तीनदा. आणि दिवा चालू ठेवा."