नको

माझ्या मुलीने अकरावीला मराठी सोडून जर्मन घेतले, तेव्हा स्टाफरूममध्ये माझी बरीच थट्टा झाली. महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत हे काही नवे नाही. जर्मनमध्ये गुण मिळतात, मराठीत ते मिळवावे लागतात, असे मुले म्हणतात. आणि आम्ही मराठीचे प्राध्यापकही स्वतःच्या मुलांपुरते ते मुकाट्याने मान्य करतो. पुढे त्याच जर्मनच्या बळावर ती रोटरीच्या विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभरासाठी उल्मला गेली. डॅन्यूबकाठचे हे शहर आइन्स्टाइनचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध. मला मात्र ते गुंथर सोंथायमर यांचे गाव म्हणून ठाऊक होते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालचा. उल्मचा माणूस धनगरांच्या दैवतांत एवढा रमतो, तर राजारामपुरीतली मुलगी उल्ममध्ये का रमणार नाही, असा माझा हिशेब होता. रमण्याआधी माणसाला जेवावे लागते, हे हिशेबात धरायचे राहिले.

चौथ्या रात्री फोन आला. आपल्याकडचे साडेदहा म्हणजे तिकडचे सात. आवाज अगदी लहान. "आई, मी चार दिवस नीट जेवलो नाही."

जेवलो. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती बोलते, आणि मी तिला वर्षानुवर्षे 'जेवले' म्हणायला लावत आले आहे. त्या रात्री दुरुस्ती केली नाही.

घरची माणसे कशी आहेत, हा माझा पहिला प्रश्न. माणसे फार चांगली होती. त्यांनी तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती, घरात घालायच्या सपाता आणून ठेवल्या होत्या, आणि आम्हांला नावाने हाक मार, 'झी' नको, 'डू' म्हण, असे पहिल्याच दिवशी सांगितले होते. (हिला ते जमेना. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारायची? म्हणून ती हाकच न मारता समोर जाऊन उभी राहायची.) संध्याकाळचे जेवण थंड असते : पाव, चीज, काकडीच्या चकत्या, ज्याच्या त्याच्यापुढे एक लाकडी फळी. बाईंनी पावाची टोपली पुढे केली. हिने हसून 'डांके' म्हटले. टोपली पुढच्याकडे गेली.

पाठ्यपुस्तकात 'डांके' म्हणजे 'धन्यवाद'. या प्रश्नाला तिला पूर्ण गुण मिळालेले. पण काही देऊ केल्यावर नुसते 'डांके' म्हटले की जर्मन माणूस त्याचा अर्थ 'नको, आभार' असा घेतो. हवे असेल तर 'बिट्टे' म्हणावे लागते. दुसऱ्या दिवशी तिने आपल्याकडच्या रीतीने आधी 'नको' म्हणून पाहिले, पुन्हा विचारतील या भरवशावर. पुन्हा कोणी विचारले नाही. तिने नको म्हटले होते, त्यांनी ते खरे मानले. रात्री खोलीचे दार लावून ती बॅगेतले भडंग खात होती.

फोन ठेवला आणि मला आमच्या घरी राहून गेलेली मुलगी आठवली. याच योजनेतून दोन वर्षांपूर्वी एक सतरा वर्षांची जर्मन मुलगी आमच्याकडे राहिली होती. आल्या आल्या तिने मराठीतला एकच शब्द नीट शिकून घेतला होता : नको. 'थोडंच', 'बास', 'पुरे' असल्या छटांच्या भानगडीत न पडता ती स्पष्ट 'नको' म्हणायची आणि माझ्या सासूबाई तिसरी भाकरी वाढायच्या. वाढलेले टाकू नये, ही तिच्या घरची शिस्त. रिकामे ताट दिसले की वाढावे, ही आमच्या घरची. ती ताट स्वच्छ करी, आम्ही ते भरत असू. तिसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा झाला. त्या रात्री ती न्हाणीघरात ओकत बसली होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत सगळ्यांना सांगत होते, पाणी बाधलं. पुढे कितीतरी दिवस मी हा प्रसंग कॉलेजात, जर्मनांचे पोट नाजूक असते, अशा चालीवर रंगवून सांगितला आहे.

तिचे पोट उत्तम होते. तिचे मराठीही उत्तम होते. मी भाषा शिकवून पगार घेते आणि माझ्या ताटाशी बसलेल्या मुलीचा एक शब्द मला ऐकू आला नव्हता.

ज्या कुटुंबात असा विद्यार्थी राहतो, त्याला जर्मनमध्ये 'गास्टफामिली' म्हणतात. 'गास्ट' म्हणजे पाहुणा. म्हणजे घर त्यांचे, आणि पाहुण्याची पाटीही त्यांच्याच नावावर. आमच्याकडे सोयरीक जुळली की दोन्हीकडचे लोक एकमेकांना पावणं म्हणतात, आणि वाट विचारणारा अनोळखीही पावणंच असतो. त्यामुळे हा शब्द मला परका वाटला नाही. त्याच 'गास्ट'चे लॅटिनमधले भावंड 'होस्टिस', त्याचा अर्थ परका आणि पुढे शत्रू. हे मी कधीतरी भाषाविज्ञानाच्या तासाला सांगितलेही असेन.

उल्मचे प्रकरण सहाव्या दिवशी लसणीच्या वासाने उघडकीला आले. बाईंनी दार वाजवले, भडंगाची पिशवी पाहिली आणि विचारले, तुला भूक लागते का? मुलगी आधी 'नाही' म्हणाली, मग रडली, मग 'हो' म्हणाली. भडंग टेबलावर आले. घरच्या धाकट्याला ते झोंबले आणि त्याने आणखी मागितले.

मी त्या जर्मन मुलीला पत्र लिहिले. क्षमा मागायला मला इंग्रजीचा आधार घ्यावा लागला. पत्र पाठवून झाल्यावर सासूबाईंना सगळे समजावून सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मग पोरीनं सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगत होती की. नको म्हणत होती."

"नको तर समदीच म्हणत्यात," सासूबाई म्हणाल्या आणि सूप पुढे ओढले.