परवा कोणत्या बाजूचा

मराठीत 'परवा' हा शब्द कालच्या मागच्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या पुढच्या दिवसालाही. तरीही 'मामा परवा आला' आणि 'मामा परवा येईल' या दोन वाक्यांत शाळेची पायरी नुकतीच चढलेले मूल सहसा गोंधळत नाही, कारण कोणता परवा हे वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद सांगून टाकते. काळ, म्हणजे क्रिया केव्हा घडली हे दाखवणारे क्रियापदाचे रूप, मुलाला अशा रीतीने व्याख्येच्या कितीतरी आधी अवगत झालेला असतो. प्राथमिक वर्गातला तक्ता मात्र उलट्या टोकाने सुरू होतो: वर्तमान, भूत, भविष्य हे तीन काळ, प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार, आणि मुलाने पाठ करायची एकूण 12 घरे.

या तक्त्यामागे मोठी परंपरा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. त्या परंपरेत क्रियापदाच्या रूपांना त्यांच्या प्रत्ययांवरूनही नावे आहेत. 'त' प्रत्ययाचे ते ताख्यात आणि 'ल' प्रत्ययाचे ते लाख्यात. रूप आणि वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही समज या नावांत दडलेली आहे, आणि शालेय तक्त्यातून नेमकी तीच गळून पडली. आईने हाक मारल्यावर अंगणातून 'आलोच' म्हणणारा मुलगा अजून आलेला नसतो. दाराबाहेर पडणारा पाहुणा 'येतो' म्हणूनच जातो. 'पाऊस आला तर कापूस भिजेल' या वाक्यातला पाऊस अजून पडायचा असतो. तिन्ही ठिकाणी रूप एका काळाचे आणि वेळ दुसरी. तक्त्यात अशा वाक्यांना घर नाही, म्हणून ती परीक्षेत येत नाहीत. बोलण्यात मात्र रोज येतात.

तक्ता आणि घरची बोली यांतले अंतर पाहायला एक गाव घेऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात आहे. कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो आणि पाठीमागे सगळा मराठवाडा पसरलेला असतो. पुस्तकातले 'मी जेवत आहे' हे अपूर्ण वर्तमानाचे वाक्य, म्हणजे क्रिया चालू असल्याचे सांगणारे, अशा सीमेवरच्या गावात घरच्या बोलण्यात क्वचितच कानी पडते. खानदेश-नाशिकच्या बाजूला 'जेऊ राहिलो' म्हणतात, मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी 'जेवायलोय', आणि पुण्याचा माणूसही जेवताना 'जेवतोय' एवढेच म्हणतो. शिवाय 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चाले आणि वरच्या वर्गांचे शिक्षणही. त्यामुळे पुस्तकी मराठी कित्येक घरांत पहिल्यांदा नातवंडांच्या दप्तरातूनच आली असणार. मुलाने वहीत 'जेऊ राहिलो' लिहिले तर अपूर्ण काळ त्याला उत्तम कळलेला आहे, फक्त त्याचे छापील रूप माहीत नाही. तांबड्या शाईची फुली हा भेद करत नाही. फुली मारण्यापेक्षा फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहावीत, एक घरचे आणि एक पुस्तकाचे, आणि दोन्हींत काय चालू आहे ते वर्गालाच विचारावे.

मुलांच्या चुकाही अशाच वाचण्याजोग्या असतात. बस-बसला, उठ-उठला, पड-पडला या ओळीत बसवून लहान मूल 'करला' म्हणते, 'जाला' म्हणते. मोठी माणसे हसतात. पण 'करला' हे रूप कोणीही त्याच्यासमोर उच्चारलेले नसते, ते त्याने स्वतः शोधलेल्या नियमाने घडवलेले असते, आणि 'केला', 'गेला' ही त्या नियमाला न जुमानणारी रूपे तेवढी ऐकून ऐकून शिकायची उरतात. त्याच वयात 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली', 'मी केळं खाल्लं' ही वाक्ये ते सहज बोलते. क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलण्याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि परक्या प्रौढाला मराठी शिकताना ज्या गोष्टी घाम फोडतात त्यांतली ही एक आहे.

खरी शिकवण्यासारखी गोष्ट म्हणजे रीती भूतकाळ, सवयीने पुन्हा पुन्हा घडत असलेल्या गोष्टीचा काळ. पुस्तकातले 'जात असे' किंवा 'जाई' मुलांच्या बोलीतून जवळजवळ गेले आहे. तिथे 'जायचा' आले आहे. आज्याला मोटेविषयी विचारून या, असे तिसरी-चौथीच्या मुलांना सांगितले तर उत्तरात बैल जुंपायचो, मोट हाकायचो, पाटाचे पाणी वळवायचो अशा क्रियापदांची रांग लागेल, कारण मोट गेली तरी तिची रीत बोलण्यात शिल्लक आहे. मुलांनी ती वाक्ये वर्गात आणावीत आणि शिक्षकाने त्यांच्याजवळ 'हाकत असे', 'वळवीत असे' लिहावे. 'रीती' हे नाव त्यानंतर फळ्यावर आले तरी चालते, आणि चौथीत यायचे राहिले तर पाचवीचे वर्ष आहेच.