गोळीचं अंग

आमच्या कोल्हापूर भागात पोरगं तालमीत घातलं की घरची एक म्हैस त्याच्या नावानं निघायची. दूध, तूप, बदामाची थंडाई, पहाटेचे जोर, बैठका आणि हौदातली लाल माती. अंग भरायला तीन-चार वर्षं जायची. आमचे वस्ताद म्हणायचे, "अंग दमानं येऊ दे, लेका. दमानं आलेलं दमानंच जातंय."

पुतण्याचं अंग चार महिन्यांत आलं. मान, खांदे बघून वैनी त्याची दृष्ट काढायची. पण पाठीवर फोड उठलेले, आणि शांत पोरगं ताट भिरकावायला लागलं. पुढं भूक मेली, डोळे पिवळे झाले. घरात काविळीच्या पाल्याची चर्चा सुरू झाली, तेवढ्यात मी त्याला गाडीवर घालून तालुक्याला डॉक्टरांकडं नेला. तिथं त्यानं खिशातनं पाकीट काढलं. "इंजेक्शन न्हवतं तात्या, नुसती गोळी होती."

ह्या 'नुसती'नंच घात होतो. साधं पुरुषी संप्रेरक पोटातनं दिलं तर यकृत ते लगेच मोडून टाकतं. म्हणून स्टॅनोझोलॉल, मेथँडियनोन असल्या गोळ्यांची घडणच अशी केलेली, की यकृताला त्या चटकन मोडू नयेत. जात्यात खडा पडल्यागत बघा. खडा भरडत नाही, जातंच झिजतं.

औषध म्हणून तिला किंमत आहे, ते नाकारत नाही. हाडाच्या मगजात रक्त तयार होईना, भाजल्यानं माणूस वाळला, तर डॉक्टर रक्त तपासत तपासत असली गोळी देत आलेत. धडधाकट पोरानं घेतली की अंग फुगतं, पण बाहेरनं येतंय म्हटल्यावर शरीर आपलं संप्रेरक करायचं थांबवतं. वृषणं आक्रसतात, बीज घटतं. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, काळजाला धोका. कोवळ्या वयात घेतली तर हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटते. आणि १९८८ ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं सोन्याचं पदक काढून घेतलं, ते ह्याच स्टॅनोझोलॉलपायी.

वैनीनं सांगून धाडलेला प्रश्न मी विचारला. "साहेब, लगीन ठरलंय त्याचं. पोरंबाळं हुतील न्हवं?"

"बहुतेकांचं पूर्ववत होतं. काहींना महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. वाट बघा."

आता डोळे निवळलेत. वजन अकरा किलोनं उतरलंय. रक्त तपासायला तो न सांगता जातो. तालमीतही जातो, पण लांग चढवत नाही. हौदाच्या कडेला बसून बारक्या पोरांच्या बैठका मोजतो.