बाथरूमचं वेळापत्रक सिमेंट ठरवतं!

जून 2022. मृग लागायच्या तोंडावरचं वऱ्हाडातलं ऊन. अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि कतारचा विक्रम मोडून आपला रस्ता गिनीज बुकात गेला. पुरते पाच दिवससुद्धा नाहीत! आणि आमचा मिस्त्री म्हणत होता, पाच बाय सातच्या बाथरूमला तीन ते चार आठवडे धरा.

मी त्याला हाच रस्ता दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, डांबर थंडं झालं का रस्ता झाला. सिमेंटाचं तसं नाही. त्याले पाणी पाजा लागते अन् थांबा लागते."

त्या दिवसापासून मी ज्याला भेटेन त्याला हेच सांगत सुटले आहे! सिमेंट वाळून घट्ट होतच नाही! पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो, त्यातून ताकद येते, आणि पाणी मधेच उडून गेलं तर तो संयोग अर्धवट राहतो. आयुष्यभर सिमेंटच्या घरांत राहून मला हे ठाऊक नव्हतं. भारतीय मानक 456 काँक्रीटबद्दल सांगतं की साध्या सिमेंटचं काम किमान 7 दिवस ओलं ठेवा, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान 10 दिवस. कोरडी आणि उष्ण! म्हणजे आमचा अकोल्याचा मे महिनाच की, जिथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत भिंतीवर दिसत नाही. प्लास्टर आणि कोबा यांनाही हीच तहान असते.

एवढं कळल्यावर सगळं बाथरूमच वेगळं दिसायला लागलं. तिथले दिवस दोन प्रकारचे असतात. काही दिवस सिमेंटचे, त्यांना हात लावायचा नाही. बाकीचे आपल्या ढिलाईचे: टाइल आली नाही, नळ ठरला नाही, प्लंबर दुसऱ्या साइटवर गेला. हे सगळे वाचवता येतात, अगदी सगळे! महामार्गाचं कामही धावलं ते डांबर, यंत्रं आणि माणसं आधीच तयार उभी होती म्हणून.

म्हणून पहिला हातोडा पडण्याआधी खरेदी पूर्ण हवी. आधी वाटायचं, नळ-शॉवर काय, शेवटी बघू. छे! कन्सील्ड डायव्हर्टरचा मुख्य भाग भिंतीच्या आत बसतो, टाइलच्या कितीतरी आधी. कमोडचं तर त्याहून भारी. एस-ट्रॅप की पी-ट्रॅप, म्हणजे निचरा फरशीतून की भिंतीतून, आणि भिंतीपासून ड्रेनेजच्या तोंडाचं अंतर किती, हे जुळलं नाही तर नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. गिझरचा पॉइंट, एक्झॉस्टचं भोक, आरसा कुठं, साबण कुठं, हे खडूनं भिंतीवरच काढून घ्यायचं. टाइल हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त, सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर बघून. नंतर आणलेल्या खोक्याची छटा हमखास वेगळी निघते.

मग तोडफोड, एक-दोन दिवस. मलबा कुठं टाकायचा ते आधीच ठरलेलं असावं. पाइपलाइनला दोन-तीन दिवस, आणि भिंत बुजवण्याआधी पाइपात दाबानं पाणी भरून प्रत्येक सांधा तपासायचा. मग प्लास्टर, त्याचं पाणी मारणं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात. आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले!

नहाणी ट्रॅपला बूच मारायचं आणि अख्ख्या बाथरूममध्ये पाणी तुंबवायचं. 48 तास! भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण, आणि खालच्या खोलीच्या छताकडे डोळे. पण आपल्याकडे उन्हानंही पाणी उडतं, मग पातळी उतरली तर ती गळती की वाफ? मिस्त्रीनं शेजारी एक भरलेली बादली ठेवली आणि तिच्यावरही खूण केली. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच बाथरूममध्ये उतरलं, तर ऊन. बाथरूममध्ये जास्त उतरलं, तर गळती. किती साधं आणि किती बिनतोड! खालचं छत दोन दिवसांनी कोरडं ठणठणीत दिसलं तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला धरून धरून ते दाखवलं. टाइल लागल्यावर गळती कळली तर टाइल फोडण्यावाचून मार्ग उरत नाही, म्हणून या दोन दिवसांची घासाघीस कुणाशीही करायची नाही.

त्यानंतर टाइल चार-पाच दिवस, ॲडहेसिव्ह वापरलं तर साधारण 24 तासांनी ग्राउट, शेवटी फिटिंग. ट्रॅपकडे उतार नीट आहे ना, हे टाइलखालचा माल ओला आहे तोवरच तांब्याभर पाणी ओतून बघायचं.

अकोल्यात मात्र आणखी एक पदर आहे. इथं महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून नळाचा वार बघून ड्रम भरून ठेवल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नये. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी माल कालवायला वापरण्याचा मोह आवराच. खार भिंतीतून पांढरा फुटून वर येतो आणि लोखंडालाही गंज चढवतो. टँकर मागवावा लागला तरी चालेल, पाणी गोडंच हवं.

हंगाम? माझं मत पक्कं आहे, दिवाळी ते माघ. उन्हाळ्यात पाणी नाही, पावसाळ्यात काही वाळत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की खेड्यातले मजूर पेरणीला निघतात. टाइलचे कारागीर परप्रांतातले असतील तर छठ आणि होळीला ते गावी जाणार, त्यांना आधीच विचारून तारखा धरा. घरात एकच बाथरूम असेल तर तेवढे आठवडे म्हाताऱ्या माणसांची अंघोळीची सोय कुठं, हा प्रश्न टाइलच्या रंगाआधी सोडवायचा. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा, वऱ्हाडात कुणी नाही म्हणत नाही.

तर यंदा बाथरूम काढणार असाल तर एवढं ऐका. सामान सगळं घरात येऊ द्या, पाण्याचे ड्रम भरू द्या, आणि मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा, "भाऊ, पाणी तुंबवल्याशिवाय एक टाइल लावायची नाही."