दलाल स्ट्रीटवरचे लक्ष्मीपूजन

मुंबईला पाहुणा म्हणून आलेला माणूस राणीची बाग पाहतो, गेट वेपाशी फोटो काढून घेतो, चौपाटीवर भेळ खातो आणि महालक्ष्मीचे दर्शन घेऊन परततो. दलाल स्ट्रीट पाहायला म्हणून सहसा कोणी जात नाही. ज्या चंचल लक्ष्मीची 'आज इतकी वर, आज इतकी खाली' अशी वर्दी रोज संध्याकाळच्या बातम्यांत मिळते, तिचे हे देऊळ मीही साठी उलटेपर्यंत पाहिले नव्हते. तो योग 2024 च्या दिवाळीत आला, आणि तोही ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी.

त्याचे असे झाले. भाऊबीजेसाठी मी चार दिवस आधीच ठाण्याला धाकट्या बहिणीकडे जाऊन राहिलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री जेवणे झाल्यावर भाचेबुवा मला गॅलरीत घेऊन गेले. आकाशकंदील सरळ करण्याचे निमित्त होते. थोडा वेळ दोरीशी चाळा करून तो हळूच म्हणाला, "मामा, आईला सांगू नका."

वडिलांच्या फंडातले तीन लाख रुपये बहिणीने त्याच्या हाती दिले होते. बँकेत मुदतीच्या ठेवीत टाक, एवढेच तिचे सांगणे. याने ते शेअरबाजाराच्या निर्देशांकावर लावले. आठ महिन्यांत एक लाख नव्वद हजार गेले होते.

"उद्या मुहूर्ताचे सौदे आहेत, संध्याकाळी सहा ते सात," तो म्हणाला. "उरलेल्यातून एकदाच मोठा सौदा करतो. मुहूर्ताला बाजार वर जातो, मामा. सगळे भरून निघेल."

रागावून उपयोग नव्हता. मी विचारले, "ज्या बाजारात पैसे टाकतोस, तो डोळ्यांनी कधी पाहिलास का?"

"तो काय पाहायचा? मोबाइलमध्येच तर आहे."

"मग उद्या मला दाखव. सौद्याचे तिथे गेल्यावर ठरवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे निघालो तेव्हा बहीण दारात येऊन म्हणाली, "दादा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुठे निघालात? लक्ष्मी घरी येते, तिला शोधायला बाहेर जात नाहीत." तिला खरे कारण सांगण्याची माझी छाती झाली नाही.

बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आम्ही चालत हुतात्मा चौकात आलो. थोडे पश्चिमेला वळून मी त्याला राजाबाई टॉवर दाखवला. तो म्हणाला, "हा युनिव्हर्सिटीचा. याचा बाजाराशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. हा मनोरा प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले. प्रेमचंद म्हणजे त्या काळच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका लोटला की तो ठेवायला जागा पुरेना. रोज नवी कंपनी निघू लागली, तिचे शेअर घेण्यासाठी झुंबड उडू लागली. 1865 मध्ये युद्ध थांबले आणि सारा डोलारा कोसळला. 2,850 रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 रुपयांवर आला. प्रेमचंदही त्यात बुडाले. आईच्या नावाचा मनोरा मात्र राहिला.

"आईच्या नावाने पैसे बाजूला काढले ते टिकले," मी म्हणालो. भाचेबुवांनी मान खाली घातली. मला माझ्याच शब्दांची थोडी लाज वाटली.

तिथून उलट फिरून हॉर्निमन सर्कलला आलो. समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या, मध्ये गोल बाग, बागेत जुनी झाडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच परिसरात वडाच्या सावलीत मूठभर दलाल उभ्या उभ्या सौदे करीत. गर्दी वाढली, जागा बदलत गेली आणि अखेर 1870 च्या दशकात त्यांना जवळच एक गल्ली सापडली. तीच पुढे दलाल स्ट्रीट झाली. 1875 मध्ये त्यांनी आपली संस्था काढली, प्रवेश फी एक रुपया ठेवली आणि 318 जण सभासद झाले. मुंबई शेअरबाजाराचा जन्म हा असा.

गल्ली पाहून मात्र माझी निराशाच झाली. अरुंद रस्ता, चहाची टपरी, आणि त्यातूनच वर गेलेला फिरोज जीजीभॉय टॉवर. आत जायला पास लागतो, तो आमच्याजवळ कुठला? पूर्वी इथे 'रिंग' असे, दलाल घसा फोडून आणि बोटांच्या खुणा करून सौदे करीत. मार्च 1995 पासून संगणक आले आणि तो गलका निमाला. दाराशी मात्र कांस्याचा एक धष्टपुष्ट वळू उभा आहे. तो घडवला सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी, आणि बसवला जानेवारी 2008 मध्ये. गंमत पाहा, त्याच महिन्यात निर्देशांकाने 21,206 चे शिखर गाठले आणि तिथून जी घसरण लागली ती मार्च 2009 मध्ये 8,160 वर आणून सोडून गेली. बिचाऱ्या वळूचा यात काहीच दोष नव्हता!

टपरीवर चहा घेता घेता मी भाच्याला विचारले, "तू ज्याच्यावर पैसे लावतोस, तो सेन्सेक्स म्हणजे काय, हे मला समजेल असे सांग."

त्याने सुरुवात झोकात केली, पण लवकरच गाडी अडखळली. मग आम्ही दोघांनी मिळून ते उलगडले. मंडईतला भाव कळावा म्हणून आपण सगळ्या गाळ्यांवर फिरत नाही, ठराविक जिन्नसांची एक टोपली डोळ्यांपुढे धरतो. तशी ही 30 मोठ्या कंपन्यांची टोपली. 1978-79 साली तिची किंमत 100 धरली आणि आज ती किती पट झाली ते आकडा सांगतो. निफ्टी ही राष्ट्रीय शेअरबाजाराची 50 कंपन्यांची टोपली, तिची सुरुवात नोव्हेंबर 1995 च्या भावावर 1,000 धरून केलेली. टोपलीत सगळ्यांचे वजन सारखे नसते. बाजारात ज्या कंपनीचे खुले शेअर जास्त किमतीचे, तिचे वजन जास्त. मालकांच्या तिजोरीत पडून असलेले शेअर यात मोजत नाहीत. दहा टक्के वजनाची कंपनी पाच टक्के चढली, तर बाकीच्या जागच्या जागी असताना निर्देशांक अर्धा टक्का चढतो.

"आणि आकडा ऐकून घाबरायचे नाही, हुरळायचेही नाही," मी म्हणालो. 28 एप्रिल 1992 ला सेन्सेक्स 570 अंशांनी पडला. 23 मार्च 2020 ला, करोनाच्या भीतीने, 3,935 अंशांनी. ऐकायला दुसरी पडझड सातपट वाटते. पण टक्क्यांत दोन्ही जवळजवळ सारख्याच, पहिली साडेबाराच्या वर आणि दुसरी तेराच्या किंचित वर. अंश हा नुसता आवाज, टक्का हे वजन.

"मग मी टोपलीच घेतली, मामा. चूक काय झाली?"

"टोपली कुठे घेतलीस? टोपली घेणारा म्युच्युअल फंडाच्या इंडेक्स योजनेत थोडेथोडे टाकतो आणि वर्षानुवर्षे थांबतो. भाव पडला तरी टोपली त्याच्याजवळ असते. तू दिलास तो विसार."

आमच्याकडे जमिनीच्या व्यवहारात विसार देतात. ठरल्या मुदतीत व्यवहार झाला नाही तर विसार बुडतो. निर्देशांकाचे ऑप्शन हे तसेच. ठराविक दिवशी आकडा अमुकच्या वर असेल असे धरून पैसे भरायचे. तो दिवस आला आणि आकडा तिथे पोचला नाही की हाती शून्य. तुमचा अंदाज बरोबर असून आठवडाभर उशिराने खरा ठरला, तरीही शून्यच. भाव जागेवर उभा असला तरी विसाराची किंमत दिवसागणिक विरघळते. यात टोपलीतले फळ हाताला लागतच नाही, जिंकला तर फरकाचे पैसे मिळतात एवढेच.

भाच्याने मग मोबाइलवर स्वतःच एक बातमी काढून माझ्यापुढे धरली. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये हिशेब मांडला होता. मागच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. माणशी सरासरी तोटा सुमारे 2 लाख.

"म्हणजे मी अगदी सरासरी निघालो," तो म्हणाला आणि हसला. ते हसणे मला पाहवले नाही.

सहा वाजले. रस्त्यावर झब्बे आणि जरीच्या साड्या दिसू लागल्या, 'साल मुबारक' ऐकू येऊ लागले. नव्या संवत्सराचा हा मुहूर्ताचा तास इथे 1957 पासून पाळतात. बरेच जण शकुन म्हणून एखाददुसरा शेअर घेतात आणि घरी जातात. भाचा मोबाइल हातात धरून उभा. मी काही बोललो नाही. पैसे त्याच्या आईचे होते, हात त्याचा होता, आणि माझ्या शब्दाने थांबलेला माणूस माझ्या पाठीमागे पुन्हा सुरू झाला असता.

तासभर तो इमारतीवर सरकणारे आकडे पाहत राहिला. सात वाजता सेन्सेक्स 335 अंशांनी चढून 79,724 वर थांबला.

"वर गेला, मामा," तो म्हणाला. जरा थांबून त्याने मनाशी गणित केले. "अर्धा टक्कासुद्धा नाही."

सौदा त्याने केला नव्हता. गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. मुलुंड गेल्यावर तो म्हणाला, "आज आईला सांगतो. तुम्ही जवळ बसा."

घरी पोचलो तो साडेआठ होऊन गेले होते. बहिणीने पूजा आमच्यासाठी थांबवली होती. लाह्या-बत्तासे, केरसुणी, चोपडीऐवजी बँकेचे पासबुक, सगळे पाटावर मांडलेले. आरती झाली आणि त्याने सांगितले. ती बराच वेळ समईकडे पाहत राहिली. वात सारखी केली. मग एवढेच विचारले, "उरले किती?"

"एक लाख दहा हजार."

"सोमवारी बँक उघडली की माझ्याबरोबर चल." आणि माझ्याकडे वळून, "दादा, तुला कालपासून माहीत होते ना?" मी होय म्हणालो. त्या रात्री तिने मला जेवायला वाढले, पण आग्रह केला नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. भाचा पगारातून दरमहा आठ हजार आईच्या खात्यात भरतो. ते फिटेपर्यंत त्याने टोपलीचेसुद्धा नाव काढायचे नाही, असे त्याचे त्यानेच ठरवले आहे. गेलेला पैसा बाजाराने परत केला नाही, तो असा महिन्यामहिन्याने घरातूनच परत येतो आहे.

परवा फोनवर बोलत असताना तिच्याकडे बातम्या लागल्या होत्या. निवेदिका मोठ्या आवाजात सांगत होती, सेन्सेक्स इतक्या अंशांनी कोसळला. बहिणीने मला मध्येच थांबवले आणि आत हाक मारली, "अरे, टक्के किती झाले ते सांग आधी."