हंगाम खेळला गेला नाही

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद, मैदान आणि ऑलिंपिकची सुवर्णपदके उभी राहतात. कॅनडात या शब्दाचा अर्थ एकच: बर्फावरची हॉकी. 'बर्फावरची' हे विशेषण जोडण्याची येथे कोणास गरज वाटत नाही, जसे आपल्याकडे कोणी 'उसाचा गूळ' म्हणत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आम्ही नोकरीनिमित्त कॅलगरीस येऊन राहिलो, तेव्हा या खेळाशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. ती आमच्या डोळ्यांना दिसेपर्यंत गोल होऊन गेलेला असे. शिवाय शहराचा संघ, कॅलगरी फ्लेम्स, त्या काळी हरण्यातच रमला होता. सलग सात हंगाम त्यास बाद फेरी गाठता आली नव्हती. असल्या संघावर जीव लावण्याचे काही कारण नव्हते.

ते कारण २००४च्या वसंतात मिळाले. फ्लेम्सनी व्हँकुव्हरला हरवले, मग डेट्रॉइटला, मग सॅन होजेला, आणि स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. १९९४ नंतर तेथवर पोचलेला हा पहिलाच कॅनेडियन संघ. सामना संपला की सतरावा ॲव्हेन्यू तांबड्या सदऱ्यांनी भरून जाई. एरवी लिफ्टमध्ये हवामानापलीकडे न बोलणारी माणसे रस्त्यात गळ्यात पडत. गणेशविसर्जनाच्या रात्रीचा लालबाग ज्याने पाहिला आहे त्यास हे दृश्य परके वाटले नसते. टॅम्पा बे लाइटनिंगविरुद्धच्या सहाव्या सामन्यात मार्टिन जेलिना याच्या पायास लागून गेलेली चकती गोलरेषा ओलांडून गेली होती की नव्हती, यावर कॅलगरीत आजही वाद होतो. तो गोल धरला गेला नाही. दुसऱ्या जादा वेळेत सामना गेला आणि ७ जून रोजी सातवा सामनाही २-१ असा गेला. शहर रडले, आणि मग म्हणाले, 'पुढच्या वर्षी.'

पुढचे वर्ष आलेच नाही. १५ सप्टेंबर २००४च्या मध्यरात्री मालक आणि खेळाडू यांच्यातील करार संपला आणि नॅशनल हॉकी लीगच्या ३० संघांच्या मालकांनी दारे बंद केली. वाद पैशाचा होता, परंतु केवळ पैशाचा नव्हता. लीगने आर्थर लेव्हिट या, अमेरिकेच्या रोखे बाजार नियामक मंडळाच्या माजी अध्यक्षांकडून हिशेब तपासून घेतला होता. २००२-०३च्या हंगामात २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला, उत्पन्नाचा तीनचतुर्थांश भाग खेळाडूंच्या वेतनावर जातो, असे त्या अहवालाचे म्हणणे. सबब प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा हवी, असा लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांचा आग्रह. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाऊ यांना ते आकडेही मान्य नव्हते आणि मर्यादेचे तत्त्वही. डिसेंबरात खेळाडूंनी सर्वांच्या वेतनात २४ टक्के कपात देऊ केली. पण मर्यादा नको म्हणाले.

त्याच शरद ऋतूत आमचे वडील सहा महिन्यांसाठी प्रथमच आमच्याकडे आले. अण्णा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांतले ते एक. त्या दिवशी गिरणीबाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. दोन वर्षे मिळेल ते काम करून पाहिले आणि मग आम्हां सर्वांना घेऊन रत्नागिरीकडच्या गावी परतले. गिरणीच्या कबड्डी संघात ते उजवा कोपरा सांभाळत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संपाविषयी मात्र घरात कधी बोलणे होत नसे.

कॅलगरीच्या घरात ते बोलणे हॉकीच्या निमित्ताने सुरू झाले. शनिवारी रात्री येथल्या सरकारी वाहिनीवर वर्षानुवर्षे हॉकी दाखवीत. त्या हिवाळ्यात तिच्या जागी चित्रपट लागू लागले. अण्णांनी विचारले, हे असे का? आम्ही सांगितले की खेळाडूंचा संप आहे. तसे म्हणणारे आम्ही एकटे नव्हतो, कचेरीत आणि शेजारात सारे 'स्ट्राइक'च म्हणत. अण्णा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "कुलूप कोणी लावलंय?"

"मालकांनी."

"मग संप कसा? टाळेबंदी म्हण. कामगार बाहेर पडला तर संप, मालकानं बाहेर ठेवला तर टाळेबंदी. एवढं तरी नीट बोलावं."

हा केवळ शब्दांचा कीस नव्हता. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, कारण ते वेगळे ठेवण्यासाठी गिरणगावाने किंमत मोजली आहे. 'संप' म्हटले की दोषाचे बोट आपोआप कामगाराकडे वळते, 'टाळेबंदी' म्हटले की किल्ली कोणाच्या खिशात आहे हे विचारावे लागते.

आमचे म्हणणे अर्थातच वेगळे होते. ज्यांना वर्षाकाठी लाखो डॉलर मिळतात त्यांना कामगार का म्हणावे? लक्षाधीश आणि अब्जाधीश यांच्या भांडणात आपण कोणाची बाजू घ्यावी? गिरणी कामगाराच्या घरी चूल विझली होती. येथले शेकडो खेळाडू स्वीडन, फिनलंड, रशिया, स्वित्झर्लंड येथे जाऊन खेळू लागले होते. साम्य ताणावे तरी किती! अण्णांनी हे सारे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि तिकीट तपासणारे? खुर्च्या पुसणारे?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, परंतु शेजारी होते. आमच्या इमारतीतील एक बाई सतराव्या ॲव्हेन्यूवरील एका उपाहारगृहात संध्याकाळच्या पाळीला काम करी. सामन्याच्या रात्री तिला जी बक्षिसी मिळे त्यावर तिचे घरभाडे निघे. त्या हिवाळ्यात तिच्या पाळ्या आठवड्याला पाचावरून दोनवर आल्या. ती ना संपावर होती, ना तिला कोणी टाळे लावले होते. दोन्ही पक्षांच्या निवेदनांत तिच्यासारख्यांना जागा नव्हती. अण्णांचे इंग्रजी बेताचे आणि तिला मराठीचा गंध नाही. तरी जिन्यात भेट झाली की अण्णा बोटे वर करून विचारीत, या आठवड्यात किती? ती दोन बोटे दाखवी.

फेब्रुवारीत हालचाल झाली. १४ तारखेस खेळाडूंनी अखेर कमाल मर्यादेचे तत्त्व मान्य केले. आता भांडण आकड्यापुरते उरले: लीग ४ कोटी २५ लाख डॉलर म्हणे, खेळाडू ४ कोटी ९० लाख. फरक प्रत्येक संघामागे ६५ लाख डॉलरचा. १६ फेब्रुवारी २००५ रोजी बेटमन यांनी संपूर्ण हंगाम रद्द केल्याचे जाहीर केले. १,२३० सामने गेले. कामगार-मालक वादापायी अख्खा हंगाम गमावणारी उत्तर अमेरिकेतील ती पहिली मोठी व्यावसायिक लीग ठरली. एवढ्याशा फरकासाठी वर्ष बुडवणे हा आम्हांस शुद्ध आडमुठेपणा वाटला. अण्णा म्हणाले, "आकड्यावरून कोणी एवढं ताणत नाही. आमचंही नुसतं पगारवाढीचं नव्हतं. आमच्या वतीनं बोलायचं कोणी, हे आमचं आम्हाला ठरवायचं होतं." त्यांचा रोख १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याकडे होता. त्या कायद्यान्वये साऱ्या गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघास तेवढी मान्यता होती, आणि तो कायदा रद्द व्हावा ही संपाची एक मुख्य मागणी होती.

जुलै २००५ मध्ये तह झाला. मर्यादा ३ कोटी ९० लाखांवर ठरली, म्हणजे खेळाडूंनी फेब्रुवारीत नाकारलेल्या आकड्याहूनही खाली. २४ टक्के कपात कायम राहिली. महिना संपण्यापूर्वी गुडनाऊ पायउतार झाले. हिशेब इतकाच मांडला तर मालक जिंकले. पण उत्पन्नाशी बांधलेली ती मर्यादा पुढे उत्पन्नाबरोबर वाढत गेली. २०२५-२६च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. संघटना टिकली. २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली, तेव्हा प्रत्येक संघाच्या वाट्याला ४८ सामने तरी आले. २०२५ मध्ये जुना करार संपण्याच्या वर्षभर आधीच नवा करार मंजूर झाला. गिरणी कामगारांच्या पदरात यांतले काहीही पडले नाही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला आणि गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. साम्य ताणू नये हे आमचे म्हणणे येथे आम्हीच आम्हांस पुन्हा ऐकवतो.

मात्र एका ठिकाणी ते ताणल्यावाचून राहवत नाही. स्टॅन्ली चषकावर दरवर्षी विजेत्या संघातील खेळाडूंची नावे कोरली जातात. १९१९ साली मॉन्ट्रियल आणि सिॲटल यांच्यातील अंतिम झुंज इन्फ्ल्युएंझाच्या साथीमुळे अर्धवट राहिली, त्याची नोंद चषकावर आहे. त्यानंतर चषक कोणासच न मिळण्याचा प्रसंग २००५ मध्येच आला. त्या वर्षाच्या जागी जे इंग्रजी शब्द कोरले आहेत त्यांचा अर्थ, '२००४-०५, हंगाम खेळला गेला नाही.' साथीने खेळ थांबला तेव्हा कर्ता शोधण्यात अर्थ नव्हता. पण २००५च्या वाक्यात कर्ता होता आणि तो गाळला आहे. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना त्याचा हा उपयोग आम्हांस कोणी सांगितला नव्हता. आपल्या भाषेतही अशी वाक्ये पुष्कळ आहेत. 'गिरण्या बंद पडल्या' असे आपण म्हणतो, जणू त्या आंब्यासारख्या आपोआप पिकून पडल्या. 'संप फसला', 'कामगार देशोधडीला लागला', 'जमिनी मोकळ्या झाल्या'. इतिहासाच्या पुस्तकांत ही वाक्ये इतकी रुळली आहेत की कोणी पाडल्या आणि कोणी मोकळ्या केल्या, हे विचारणारा उद्धट ठरतो.

चषकावरच्या त्या ओळीत मार्क मेसिए आणि रॉन फ्रान्सिस यांचीही नावे नाहीत. दोघेही चाळिशीतले, दोघांनीही सप्टेंबर २००५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. २००४च्या वसंतात ते शेवटचे खेळले तेव्हा तो शेवटचा सामना असल्याचे खात्रीने कोणासच ठाऊक नव्हते. अण्णाही १७ जानेवारी १९८२ पर्यंत साच्यापुढे उभे होतेच. नंतर हात चालू राहिले, पण साचा नव्हता. चाळिशीत थांबलेल्या माणसाचे वर्ष परत मिळत नाही, मग तो लक्षाधीश असो वा बदली कामगार.

५ ऑक्टोबर २००५ रोजी नवा हंगाम सुरू झाला. तीसही संघ एकाच दिवशी बर्फावर उतरले. फ्लेम्सनी त्या वर्षी आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला आणि बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत ॲनहाइमकडून हार खाल्ली. असो, कॅलगरीकर त्यातही सुखी होते. अण्णा तोवर गावी परतले होते. आम्ही फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले की कुलूप उघडले. ते म्हणाले, "बरं झालं. त्या बाईच्या किती पाळ्या झाल्या?" आम्ही सांगितले की तिने उन्हाळ्यातच दुसरीकडे, एका गोदामात, रात्रीचे काम धरले. सामने तिला आता पाहताही येत नाहीत.